नव्या सळया, नवा कोळसा

आम्ही मूळचे सांगलीकडचे. हे ड्राफ्ट्समन होते, आणि तारापूरला समुद्राकाठी वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा यांना तिथे नोकरी लागली म्हणून आम्ही बोईसरला आलो. स्टेशनपासून दहा मिनिटांवर भाड्याच्या दोन खोल्या, मागे चिमूटभर अंगण, आणि वारा पश्चिमेचा असला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास थेट देवघरापर्यंत. पहिले सहा महिने मी नाकाला पदर लावून स्वयंपाक केला. मग नाकानंच हार मानली.

लग्नात वडिलांनी शिवणयंत्र दिलं होतं. ते मी हट्टानं रेल्वेच्या पार्सलातून आणवलं होतं, आणि बोईसरला त्याचा उपयोग झाला. परदेशी इंजिनिअरांसाठी समुद्राजवळ बंगले उठले होते, त्या बंगल्यांना खिडक्याच खिडक्या होत्या, आणि खिडक्यांना पडदे हवे होते. यांनी ऑफिसात कुणापाशी तरी बायको शिवते म्हणून सांगितलं. आठवड्यात दारात जीप उभी राहिली. सगळी आळी ती जीप बघायला बाहेर आली, आणि मी नवी साडी नेसायला आत पळाले.

त्या जीपमधून मी जिच्याकडे गेले तिला आम्ही सगळे मॅडम म्हणत असू. नवरा अमेरिकन, पण ती स्वतः ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरची. बाप शेळ्या राखायचा, आई चीज करून विकायची. ठेंगणी, अंगानं भरलेली, हात एखाद्या पहिलवानाचे, आणि आवाज असा की समुद्राचा आवाज मागे पडावा. तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं मॅट्रिकचं, त्यामुळे आमचं छान जमलं. ज्यांना चांगलं इंग्रजी येत होतं त्या बाकीच्या मडमा माझ्याशी बोटांनी बोलत.

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. मी कापड टाचून खिडकीला लावून दाखवलेला पडदा तिला एका बाजूनं आखूड वाटला. मी म्हटलं, खिडकी वाकडी आहे. ती म्हणाली, पडदा वाकडा आहे. मी टेप काढून खिडकीच्या दोन्ही बाजू मोजून दाखवल्या. डावी बाजू पाऊण इंच जास्त भरली. ती इतकी मोठ्यानं हसली की शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. मग नवऱ्याला हाक मारून तिनं ती खिडकी दाखवली. इंजिनिअर माणूस, लाल झाला. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली. कुणाकडून शिकली होती कोण जाणे.

आता जे सांगायचं ते सरळच सांगते. मी तिच्या घरी पाणीही पीत नव्हते. त्या घरात डब्यातलं गाईचं मांस यायचं; डब्यावरचं चित्र मी स्वतः पाहिलं होतं. आमच्याकडे अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नव्हतं. निघताना आईनं जे चार शब्द सांगितले होते त्यांत हे होतं की कुठेही राहा, पण कुणाच्या घरी काय शिजतं ते बघून तोंडात घाल. मी काही फार सोवळ्याओवळ्याची बाई नव्हते. स्टेशनवरचा चहा मी प्यायचे. पण ते चित्र डोळ्यांपुढून जाईना.

पहिल्या दिवशी तिनं कॉफी पुढे केली तेव्हा मी म्हटलं, आत्ताच घेऊन आले. दुसऱ्या वेळी उपास होता. तिसऱ्या वेळी पोट बरं नव्हतं. महिनाभरात माझं पोट इतक्यांदा बिघडलं की तिनं मला औषधाची बाटली देऊ केली. मग एक दिवस ती समोर खुर्ची ओढून बसली आणि तिनं विचारलं,

"ताई, माझा हात नको, की माझं भांडं नको?"

मी म्हटलं, "भांडं."

खरं तर दोन्ही. तेवढं इंग्रजी मला येत होतं, पण तेवढा धीर नव्हता.

तिनं मान हलवली आणि कॉफीचा कप उचलून नेला. पुढच्या खेपेला टेबलावर केळी होती. मी एक सोलून खाल्लं. त्यानंतर चिकू आले, संत्री आली, एकदा तर अख्खं शहाळं आणि शेजारी कोयता, मीच फोडून घ्यावं म्हणून. सालीत बंद असलेलं सगळं मला चालतं हे तिनं हळूहळू शोधून काढलं, आणि पुढची दोन वर्षं ती मला सालीतलंच देत राहिली. तोंडातून एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, चला, सुटले.

आणि ती? ती आमच्याकडे यायची ती चपला बाहेर काढून, पाटावर मांडी ठोकून, दोन्ही हातांनी जेवायची. डावा हात लावू नये हे मी सांगितलं तेव्हा डावा हात पाठीमागे धरून बसली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. थालीपीठ तिला फार आवडायचं. थालीपिठाला भोक कशाला पाडता, हे तिनं विचारलं, आणि तेल सोडायला हे कळल्यावर तिला एवढा आनंद झाला की तिनं यांच्या ताटातल्या थालीपिठाचं भोकसुद्धा बोट घालून तपासलं. हे पोळीला तूप लावत होते ते तसेच थांबले.

बंगल्यांवर मासे घेऊन येणारी एक मावशी होती, किनाऱ्यावरच्या गावातली. टोपली पायरीवर उतरवायची, मॅडमशी हातवारे करून भाव ठरवायची आणि मग तिथेच बसून मगभर चहा प्यायची, वर बिस्किटं. एकदा मी तिच्यासमोर कॉफीला नाही म्हटलं तर ती म्हणाली,

"बाय, तुजं काय बिघडतं गो? आमी बघ, च्या पितो, बिस्कुट खातो, न घरी जाऊन देवीला हात जोडतो. देवी काय इचारत नाय, कुटं पिलीस म्हणून."

मला राग आला. राग यायला मला कधीच फार लांब जावं लागलं नाही. मी म्हटलं, "मावशी, तुमचं वेगळं, आमचं वेगळं."

"हाय ना," ती म्हणाली. "वेगळंच हाय." आणि तिनं बिस्कीट चहात बुडवलं.

होळीच्या आधी मॅडमच्या नवऱ्याचं काम संपलं. महिनाभरात जायचं ठरलं. ती आमच्याकडे आली, पाटावर बसली, आणि या खेपेला जेवायचं नाही म्हणाली. आधी बोलायचं होतं. तिनं पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तिनं इंग्रजीत लिहून आणलं होतं, मोठ्या वाकड्या अक्षरांत, मला वाचता यावं म्हणून.

जाण्याआधी मी तिच्याकडे एकदा जेवावं एवढीच तिची इच्छा होती. घरात नको, बागेत. तिची चूल नको. नव्या विटा आणायच्या. नवा कोळसा. नव्या सळया. तिच्या बेटावर भाज्या आणि चीज सळईत ओवून निखाऱ्यावर भाजतात, ते करायचं. मांस नाही, अंडं नाही. नवी ताटं पालघरच्या बाजारातून आणली आहेत, त्यांवरच्या चिकटवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा काढलेल्या नाहीत. आणि शेवटची ओळ, खाली रेघ मारलेली: मी कशालाही हात लावणार नाही. तू कापायचं, तू ओवायचं, तू भाजायचं. मी फक्त सांगणार.

मी तो कागद दोनदा वाचला. त्यात नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. हे आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं, हो म्हण." मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. तिला रडू आलं, ते तिनं पदर नसल्यामुळे माझ्या पदराला पुसलं.

मग आमची तयारी सुरू झाली.

आधी चीज. तारापूर गावात एक म्हाताऱ्या पारशी बाई टोपलीतलं पनीर करायच्या. आम्ही दोघी जीपमधून गेलो. बाईंनी छोट्या वेताच्या टोपल्यांत पाण्यात तरंगणारं पांढरंशुभ्र पनीर दाखवलं. मॅडमनं बोटानं दाबून पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. तिच्या आईचं असंच असायचं म्हणे. मी सहज विचारलं, दूध कशानं विरजता? बाई खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, कोंबडीच्या पोटातली साल वाळवून ठेवते, तिचं पाणी घालते.

मी एक पाऊल मागे सरले. मॅडमनं ते पाहिलं. तिची आईही शेळीच्या करडाच्या पोटातलंच घालायची. तिच्या लेखी त्यावाचून चीज होतच नाही. ती क्षणभर टोपलीकडे बघत राहिली. मग बाईंचे आभार मानले, दोन टोपल्या नवऱ्यासाठी घेतल्या आणि परत येताना गाडीत मला म्हणाली, "लिंबू. आपण लिंबू घालू. माझी आई म्हणेल, हे चीज नाही. पण माझी आई इथे नाही."

लिंबानं नासवलेलं म्हशीचं दूध मी फडक्यात बांधून टांगलं आणि एका रविवारी आमच्या अंगणात शेगडीवर सराव केला. फजिती झाली. सळया म्हणून यांनी सायकलच्या दुकानातून नवे कोरे स्पोक आणले होते, त्यांची टोकं कानस मारून काढली होती. एका टोकाला मुळातच बाक असतो, तो धरायला बरा पडतो. वांग्याच्या फोडी, कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची, मध्ये मध्ये पनीर असं मी छान ओवलं. मॅडमच्या देशात एक काकडीसारखी भाजी घालतात, तिच्याऐवजी मी कोवळं घोसाळं घेतलं. शेगडीवर ठेवलं मात्र, पनीर लोण्यासारखं मऊ होऊन एकेक तुकडा निखाऱ्यात पडला. बरं, उलटवायला गेले तर तार फिरे आणि भाजी तिथेच राही. वांग्याची एक बाजू काळी ठिक्कर, दुसरी हिरवीगार. मॅडम हात पाठीशी बांधून उभी होती. तिच्या तोंडातून ग्रीक भाषेतलं काहीतरी निघत होतं, ते न कळलेलंच बरं.

मी शेगडीपाशी बसून विचार केला. दोन्ही अडचणींचं उत्तर शेवटी शिवणाच्या पेटीत सापडलं. एका टाक्यावर बटण फिरतं, दोन टाक्यांवर बसतं. म्हणून एकेका भाजीच्या फोडीत दोन दोन तारा घालायच्या, बोटभर अंतरानं. आणि पनीर मांजरपाटाच्या तुकड्यात घट्ट गुंडाळून वर माझी कोळशाची इस्त्री ठेवायची, कोळसा न घालता, नुसती वजनाला. बिडाची ती इस्त्री उचलताना माझा खांदा भरून यायचा. रात्रभर तिच्याखाली राहिलेलं पनीर सकाळी चाकूनं कापावं लागलं. मग त्याला मिठाच्या पाण्यात बुडवलं. दुसऱ्या सरावाला एकही तुकडा पडला नाही. मॅडमनं माझी पाठ थोपटली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती.

त्या सरावाचं मी खाल्लं का, असं कुणी विचारेल. खाल्लं. माझ्या अंगणात, माझ्या शेगडीवर, माझ्या ताटात. चव मला ठाऊक होती. वांगं आतून भरतासारखं मऊ, पनीरवर तपकिरी डाग आणि त्यावर लिंबू. तिनं आणलेलं ऑलिव्हचं तेल मी तोवर फक्त तान्ह्या बाळांच्या मालिशीच्या बाटलीत पाहिलं होतं, त्यामुळे पहिल्या घासाला बाळंतिणीची खोली आठवली. ओव्यासारख्या वासाचा एक वाळका पाला होता, तो वर चुरडला की मात्र सगळं जमून आलं. तेव्हा चवीचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की तिच्या दारात, तिच्या ताटात मी जेवते की नाही.

तो दिवस रविवारचा होता. संध्याकाळी पाचला आम्ही दोघं गेलो. बागेत नव्या विटा रचून ठेवल्या होत्या, त्यांवर नवी जाळी, आणि मनोरकडून आणलेल्या कोळशाचं पोतं तोंड न उघडता तसंच. पोत्याचा टाकासुद्धा मीच उसवावा म्हणून तिनं कात्री ठेवली होती. बाजूच्या टेबलावर दोन स्टीलची ताटं. बाकीच्यांसाठी तिच्या नेहमीच्या चिनी मातीच्या बशा होत्या, स्टीलची दोनच. एक माझं, एक तिचं. ती माझ्याबरोबर जेवणार होती, त्याच वेळी, शेजारी बसून, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

मी पदर खोचला. कोळसा पेटवला, लाल झाला, मग त्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबले. राख धरल्याशिवाय भाजायला घ्यायचं नाही हे तिनंच शिकवलं होतं. दोन दोन तारांच्या बारा जोड्या ओवून ठेवल्या होत्या. पहिल्या तीन जाळीवर टाकल्या, आणि कांद्याचा तो वास सुटला तशी शेजारच्या बंगल्यांतून माणसं यायला लागली. तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. पण निरोपाचे दिवस होते, येणाऱ्याला परत कसं पाठवणार? चार मडमा, त्यांचे नवरे. मासेवाली मावशी पैसे न्यायला आली होती, तीही पायरीवर टेकली.

पहिली जोडी तयार झाली. मॅडम म्हणाली, "ही तुझी, ताई."

मी म्हटलं, "पहिला घास अग्नीला." आणि पनीरचा एक तुकडा काढून निखाऱ्यात टाकला. आमच्याकडे टाकतात, खोटं नव्हतं. उरलेलं मी यांच्या बशीत घातलं; यांना कुणाच्या भांड्याचं काही वाटत नसे.

दुसरी झाली. "ही तुझी."

"आधी पुरुष माणसं," मी म्हटलं. हेही खोटं नव्हतं. तिच्या नवऱ्याला दिली, शेजाऱ्यांना दिली.

मग पाहुणे. दारी आलेला माणूस उपाशी असताना वाढणारीनं तोंड हलवायचं नाही, हे मी आईच्या घरी, सासूच्या घरी, सगळीकडे पाळलेलं. मी भाजत होते आणि वाढत होते. नको म्हणणाऱ्याला आग्रह करत होते. एका मडमेनं पोटावर हात ठेवून दाखवला तरी मी तिच्या बशीत आणखी एक जोडी उतरवली. सगळे वाहवा करत होते. मॅडमचा नवरा सळईतलं वांगं ओढताना म्हणाला की इतकं चांगलं तर आपल्या सासूलाही जमलं नसतं, आणि त्यावर सगळे हसले. मॅडम हसली नाही. ती त्या दोन ताटांपाशी उभी होती. मध्येच येऊन ती माझ्या कानाशी म्हणायची, "ताई, बस ना." मी म्हणायचे, "हो, हो, हे एवढे झाले की."

प्रत्येक नकाराला माझ्याकडे एक रीत होती. आणि प्रत्येक रीत खरी होती. तेच तर वाईट.

कारण खरं काय चाललं होतं ते मला आत कुठेतरी ठाऊक होतं. मी मोजत होते. सात उरल्या, पाच उरल्या, तीन उरल्या. संपाव्यात असं मला वाटत होतं. संपल्या की माझ्यावर काही येणार नव्हतं. मी नाही म्हटलेलं नसणार, आणि खाल्लेलंही नसणार.

शेवटची जोडी जाळीवरून काढली. छान झाली होती, सगळ्यांत छान. निखारा उतरला होता त्यामुळे कुठे जळलं नव्हतं. तोंडाला पाणी सुटलं, हे कबूल करते. मी इकडेतिकडे पाहिलं. बाकीचे पोट भरून खुर्च्यांत रेलले होते. मी मावशीपुढे धरली.

मावशीनं हात मागे घेतला. "मी नाय घेत. ती तुजी हाय. ती बाय मगापास्नं तुजी वाट बघते, तुला दिसत नाय?"

दिसत होतं. मॅडम स्टीलचं ताट हातात धरून दोन पावलांवर उभी होती. ताट माझ्याकडे केलेलं. मला फक्त ती सळई त्या ताटात ठेवायची होती, आणि खाली बसायचं होतं.

मी ती जोडी शेजारच्या मडमेच्या नवऱ्याच्या बशीत घातली. वर "घ्या हो, घ्या, संकोच करू नका" असंही म्हटलं. त्या बिचाऱ्यानं पोट भरलेलं असूनही माझा मान राखायला खाल्ली.

 मॅडमनं दोन्ही ताटं एकावर एक ठेवली आणि आत नेली. तीही त्या दिवशी काही जेवली नव्हती. मावशीनं टोपली उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न बोलता निघून गेली. ती न बोलता जाणारी बाई नव्हती.

परत येताना जीपमध्ये हे म्हणाले, "छान झालं हो." मग थोड्या वेळानं, "तू खाल्लंस ना?" मी म्हटलं, "उरलंच नाही." यांनी विषय वाढवला नाही. यांना माझा आवाज ओळखता येत होता.

चार दिवसांनी ती गेली. जाण्याआधी आमच्याकडे आली होती, नेहमीसारखी चपला काढून आत, पाटावर बसून जेवलीसुद्धा. मी तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मीही रागावले असते, आणि आमचं बरं झालं असतं. तिनं माझ्या गालाला हात लावला, "माझी ताई" म्हणाली, आणि गेली. मी दाराशी उभी राहून, पुढच्या पत्रात तिला सगळं खरं लिहायचं असं ठरवलं. पत्ता तिनं दिला होता. नाताळला तिचं कार्ड आलं, मी उत्तर पाठवलं. त्यात हवापाण्याचं लिहिलं.

तिच्या बंगल्यात दोन महिन्यांनी दुसरं कुटुंब आलं. नव्या बाईला जुने पडदे नको होते. मी टेप घेऊन गेले. ही बाई उंच, गोरीपान, बोलायला कोरडी. माझं नावही तिनं विचारलं नाही. मी खिडक्या मोजल्या. डावीकडे पाऊण इंच जास्त आहे हे मी न सांगताच लिहून घेतलं. तेवढ्यात तिनं स्वयंपाकघरातून कॉफीचा कप आणून माझ्यापुढे ठेवला. विचारलं नाही, ठेवला. आणि माझी वाट न बघता स्वतःचा कप घेऊन पत्र वाचत बसली.

मी तो कप उचलला आणि प्यायले.

का प्यायले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. हिच्याशी माझं काही नातं नव्हतं, हिला माझ्या पिण्या-न पिण्याचं काहीच नव्हतं, म्हणूनच बहुधा. कॉफी कडू होती, थोडी गार झालेली. घशाखाली उतरली. मला काहीही झालं नाही. त्याच स्वयंपाकघरातली, त्याच टेबलावरची, दोन मिनिटांचं काम. एवढंच होतं, आणि एवढंसं मी जिला द्यायला हवं होतं तिला दिलं नाही. मला रडू आवरेना. कप हातात धरून मी तशीच रडत बसले.

नव्या बाईला वाटलं कॉफी फार कडक झाली. तिनं घाईघाईनं उठून कपात आणखी दूध ओतलं, आणि मी तेही प्यायले.